निशिगंध रुसतो तेव्हा

फुलझाडांविषयी मी लिहावे हे तसे पाहिले तर हास्यास्पदच आहे. माझा व्यवसाय मराठी शिकविण्याचा. एखादा अवघड समास सोडवून दाखवा म्हणालात तर चुटकीसरशी सोडवीन. पण कुंडीतले झाड का रुसले हे सांगण्याचा अधिकार मला कुठल्याही विद्यापीठाने दिलेला नाही. तरीही हे सदर चालविण्याचे धाडस मी करतो, त्याचे कारण एवढेच की, माझ्याइतक्या चुका केलेला दुसरा हौशी बागवान आमच्या पेठेत मिळणे कठीण. आणि दिवाळीच्या फराळाप्रमाणेच चुकांचा अनुभवही शेजारीपाजारी वाटून टाकण्याजोगा असतो.

या वर्षी दोन प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले गेले. दिसायला ते एकच आहेत : "कंद लावला, पाने आली, फूल का येत नाही?" फरक इतकाच की, एकीचा कंद ट्युलिपचा होता आणि दुसरीचा निशिगंधाचा.

ट्युलिपचे आधी उरकून टाकतो. आमच्या ओळखीच्या एक बाई काश्मीरची सहल करून आल्या. श्रीनगरला दल सरोवराजवळ, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, २००७ साली ट्युलिपची जी भली मोठी बाग लोकांना खुली झाली, ती पाहून त्या भारावून गेल्या होत्या. पुण्याला परतल्यावर त्यांनी कंद मागविले, नोव्हेंबरात हौसेने कुंडीत लावले आणि फेब्रुवारीपर्यंत नुसती पाने पाहत बसल्या. त्यांना वाटले, आपलेच काहीतरी चुकले. तसे नव्हते. ट्युलिप हा मूळचा मध्य आशियाच्या डोंगराळ मुलखातला. त्याला थंडीची लांबलचक झोप लागते. साधारण १२ ते १६ आठवडे ९ अंश सेल्सिअसच्या खालचा गारवा मिळाला, तरच कंदाच्या पोटातली कळी नीट वर येते. पुण्याची पहाट जानेवारीत कितीही बोचरी वाटो, दुपार उबदारच असते आणि कुंडीतली माती त्याहून उबदार. काही लोक लावणीपूर्वी कंद फ्रीजमध्ये भाजीच्या खणात ठेवून ही थंडी पुरवितात. ते करता येते. मात्र शेजारी सफरचंदे ठेवू नयेत. पिकत्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारून टाकतो. पण एवढा खटाटोप करूनही आपल्या हवेत फूल बहुधा एकदाच मिळते. पुढच्या वर्षासाठी कंद पोसला जावा, इतका काळ गारवा इथे टिकत नाही. म्हणून त्या बाईंना मी म्हटले, "दोष तुमच्या हाताचा नव्हे, हवेचा आहे. काही पाहुण्यांना आपल्या घरी बोलावण्यापेक्षा त्यांच्या गावी जाऊन भेटावे."

निशिगंधाच्या बाबतीत मात्र हवेकडे बोट दाखविण्याची सोय नाही. तोही परदेशीच, मेक्सिकोचा. पण आपल्याकडे तो असा रुळला आहे की, त्याच्यावाचून लग्नाचा हार होत नाही की गणपतीची आरास होत नाही. माझी आजी त्याला 'गुलछबू' म्हणत असे. लहानपणी मला तो शब्द गावंढळ वाटे. पुढे कळले की, तो फारसीतून आलेला. 'शब' म्हणजे रात्र आणि 'बू' म्हणजे वास. म्हणजे आजीचा गुलछबू आणि पुस्तकातला निशिगंध यांचा अर्थ अगदी एकच! इंग्रजीतल्या 'ट्यूबरोज'चा तर गुलाबाशी काडीचाही संबंध नाही. ते मूळच्या लॅटिन 'ट्युबरोसा'चे, म्हणजे 'गाठाळ'चे, बदललेले रूप आहे. आणि अलीकडे वनस्पतिशास्त्रज्ञांनी या नाजूक फुलाला चक्क आपल्या घायपाताच्या गोत्रात नेऊन बसविले आहे. रेल्वेच्या कडेला काटेरी पानांची घायपात आपण पाहतो. वर्षानुवर्षे ती नुसती वाढते, एकदा उंच दांडा टाकते, फुलते आणि संपते. मागे पिले ठेवून जाते. हे गोत्र वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आमच्या गच्चीवर सिमेंटची एक मोठी कुंडी आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिच्यात निशिगंधाचे सहा कंद लावले त्याला आता पाच वर्षे होऊन गेली. त्या वर्षीचा बहर त्यांनी पाहिला. पुढचा चैत्र त्यांना दिसला नाही.

त्यांच्या मागे पहिल्या वर्षी ती कुंडी अशी फुलली की, आई दर दोनचार दिवसांनी त्यांच्या तसबिरीपाशी नवा दांडा ठेवी. दुसऱ्या वर्षी दांडे निम्म्यावर आले. तिसऱ्या वर्षी दोनच, तेही आखूड, शेंड्याच्या कळ्या न उमलताच सुकलेले. आणि गेल्या वर्षी एकही नाही. पाने मात्र हिरवीगार नि दाट. कुंडीच्या काठावरून चहूकडे लोंबणारी.

आई काही बोलत नसे. संध्याकाळी गच्चीवर जाई, कुंडीभोवती एक फेरी मारी आणि खाली येऊन बाजारातून आणलेला दांडा तसबिरीपुढे ठेवी. एकदा मात्र ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "त्यांच्यामागं त्यालाही करमत नसेल."

ते वाक्य ऐकले आणि मी कामाला लागलो. माणसाच्या दुःखावर मला उपाय ठाऊक नव्हता. कुंडीच्या दुखण्यावर तरी शोधू म्हटले.

पहिला संशय उन्हावर. आमच्या दक्षिणेला एक उंच इमारत उभी राहिली आहे आणि तिने आमच्या गच्चीचे निम्मे ऊन खाल्ले आहे. निशिगंधाला दिवसाकाठी निदान सहा तास स्वच्छ ऊन हवे. सावलीत पाने लांबतात, दांडा येत नाही. म्हणून वरच्या मजल्यावरच्या दोघा तरुणांच्या मदतीने ती कुंडी मी पश्चिमेच्या कोपऱ्यात हलविली. त्या कामात माझी कंबर आठवडाभर धरली. पाने थोडी ताठ झाली, फूल नाही.

दुसरा संशय खतावर. इथे माझ्या हातून खरा प्रमाद घडला. झाड उपाशी असेल, या समजुतीने मी चहाचा चोथा घातला, शेणखत घातले, वर चमचाभर युरियाही दिला. पाने अशी माजली की, सौ. म्हणाल्या, "गवत म्हणून गाईला तरी घाला आता." युरियात असते नुसते नत्र, आणि नत्राने पाने वाढतात. कंद भरायला आणि फुलायला स्फुरद नि पालाशही तितकेच लागतात. म्हणजे हाडांचा चुरा आणि थोडी लाकडाची राख. हे ज्ञान मला युरिया संपल्यावर झाले.

तिसरा संशय पाण्यावर. कुंडीच्या तळाचे भोक मुजून गेले होते. कंदाच्या झाडाला पाणी हवे. पण साचलेले नको. ओल तुंबली की कंद कुजतो. सळई घालून भोक मोकळे केले. पाणी वाहून जाऊ लागले, फूल नाही.

चौथा संशय किडीवर. चष्मा लावून पाने तपासली. मावा नव्हता, फुलकिडे नव्हते. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असल्या तरी झाड खुरटते, असे वाचले होते. त्यावर निंबोळी पेंड घालतात, भोवती झेंडू लावतात. पण मुळांवर गाठी आहेत की नाहीत हे उकरल्यावाचून कसे कळणार? आणि त्या कुंडीत हात घालायची आईने बंदी केली होती. "त्यांनी लावलेलं आहे ते. उपटायचं नाही." विषय संपला.

शेवटी आमच्या कॉलेजातल्या माळीमामांना मी घरी घेऊन आलो. मामांनी चहा घेतला, गच्चीवर आले, पानांकडे त्यांनी पाहिलेही नाही. तर्जनी मातीत खुपसण्याचा प्रयत्न केला; पेरभरसुद्धा आत जाईना. मग हसून म्हणाले, "सर, यात माती कुठंय? नुसती पोरंच पोरं झालीत. बसायलाच जागा नाही, तर फुलणार काय?"

आणि मग त्यांनी ती गोष्ट सांगितली, जी चार वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. निशिगंधाच्या कंदाला आयुष्यात एकदाच दांडा येतो. एकदा फुलला की तो कंद पुन्हा फुलत नाही. तो आपल्या भोवती पिले धरतो, आणि पुढचा बहर येतो तो त्या पिलांचा. पहिली दोन वर्षे बरी जातात. मग पिलांना पिले होतात, कुंडी तेवढीच राहते, आणि अन्नपाणी सगळ्यांत वाटले जाऊन कुणाचाच कंद फुलण्याइतका भरत नाही. म्हणून दर दोन-तीन वर्षांनी कंद काढायचे, वेगळे करायचे, थोडे ठेवायचे, बाकीचे दुसरीकडे लावायचे. घायपातीचे गोत्र ते हेच!

"म्हणजे उपटायचंच?" दारातून आईचा आवाज आला. ती केव्हा वर आली होती, कळलेच नाही.

"उपटायचं नाही आजी. मोकळं करायचं," मामा म्हणाले.

आई वळून खाली गेली. मामांनी माझ्याकडे पाहिले, मी मामांकडे पाहिले आणि आम्हीही खाली आलो. ही गोष्ट माघातली. त्यानंतर महिनाभर तो विषय घरात निघाला नाही. मी फक्त कुंडीचे पाणी हळूहळू तोडले. पाने पिवळी पडू लागली, त्यावरही आई काही बोलली नाही.

शिमगा झाला. सौभाग्यवतींनी वर्षाचा लसूण घेतला आणि गॅलरीत वर्तमानपत्र पसरून वाळत टाकला. आई दुपारी गॅलरीत आली ती त्या लसणापाशी थबकलीच. बराच वेळ उभी राहिली. मग मला हाक मारली.

"अरे, हे तेसुद्धा टाकायचे की रे वाळत! इथंच. लसणीसारखंच काहीतरी असायचं, शिमगा झाला की. सगळी गॅलरी मातीनं भरायची आणि मी त्यांच्या नावानं शंख करायची. मला वाटायचं, रिटायर झालेत, काहीतरी उद्योग करत बसतात." थोडी थांबून ती म्हणाली, "दर वर्षी नाही. एकाआड एक वर्षी असेल. म्हणजे तेही काढायचेच म्हण की."

"काढत असणार," मी म्हटले.

"मग बोलाव तुझ्या त्या मामाला," आई म्हणाली.

रविवारी मामा आले. कुंडी आडवी केली, कडेने थापट्या मारल्या आणि सगळा गड्डा एका ढेकळासारखा बाहेर आला. मामा म्हणाले होते ते अक्षरशः खरे होते. माती नावाला, कंद एकमेकांच्या अंगावर चढलेले. मुळांवर गाठी नव्हत्या, हेही तेव्हा दिसले. आई पाटावर बसून एकेक कंद सोडवू लागली. सोडवता सोडवता तिने विचारले, "यातले त्यांनी लावलेले कोणते?"

मला उत्तर द्यायला धीर होईना. मामांनी गड्ड्याच्या मधोमध बोट घातले आणि वाळलेली, पोकळ झालेली चारदोन टरफले काढून तिच्या हातावर ठेवली. "हे थोरले, आजी. यांचं काम केव्हाच झालं. बाकीची सगळी यांचीच लेकरं-नातवंडं."

आईने ती टरफले मुठीत धरली. नंतर उठून ती तुळशीच्या मुळाशी ठेवून आली, आणि पुन्हा पाटावर येऊन बसली.

कंद भरले चौऱ्याहत्तर. मामांनी मोजमाप सांगितले ते गृहिणींना सोयीचे आहे म्हणून देतो. सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा कंद असेल तर तो त्याच वर्षी फुलेल. हरभऱ्याएवढा असेल तर पहिले वर्ष तो नुसता वाढेल; त्याच्याकडून फुलाची अपेक्षा करू नये नि त्याला टाकूनही देऊ नये. मऊ पडलेला, कुजका किंवा बुरशी धरलेला कंद मात्र निर्दयपणे बाजूला काढावा. निवडलेले कंद सावलीत, वाऱ्यावर चार ते सहा आठवडे पसरून ठेवावेत आणि दोन दिवसांआड उलटेपालटे करावेत. ही विश्रांती त्यांना मानवते. आमच्या गॅलरीत या वर्षी लसणाच्या शेजारी त्यांचे वर्तमानपत्र पसरले होते. मातीची कुरकूर करणारे मात्र कुणी नव्हते.

एप्रिलच्या अखेरीस लावणी केली. दोन भाग माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत, एक भाग वाळू आणि दोन मुठी हाडांचा चुरा. कंद बुरशीनाशकाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवून घेतले. दोन-तीन बोटे खोल, शेंडा वर, दोन कंदांत वीतभर अंतर. कोंब दिसेपर्यंत पाणी बेताचे, मग नियमित. कुंडीत किती लावायचे, यावर मी आणि मामा दहापर्यंत आलो होतो. आई म्हणाली, "सहाच. त्यांनी सहाच लावले होते."

उरलेल्या कंदांचे काय करायचे, याचीही मला काळजी होती. कारण सुरुवातीला तिला त्यातला एकही घराबाहेर जायला नको होता. पण लावणीच्या दिवशी तिने स्वतःच कागदाच्या पुड्या बांधल्या, त्यांवर नावे घातली. नागपूरला माझ्या बहिणीची एक, शेजारणींच्या चार, मामांची एक, वरच्या मजल्यावरच्या त्या दोघा तरुणांचीही एक. "घरात कोंडून ठेवून कुणाचं भलं होत नाही," एवढेच ती म्हणाली.

निशिगंधाला लावणीपासून दांडा दिसायला तीन-साडेतीन महिने लागतात. ते आमच्याकडे कसे गेले, ते मी लिहीत नाही. भाद्रपदात, गौरी जेवल्या त्या दिवशी, पहिल्या दांड्याची खालची दोन फुले उमलली. सहापैकी पाच कंदांना दांडे आले. सहाव्याला का आला नाही, याचा मी शोध करणार होतो, आई म्हणाली, "असू दे. पुढच्या वर्षी येईल त्याच्या पिलांना."

बहिणीचा नागपूरहून फोन आला, "मला नुसतीच पाने!" तिच्या पुडीत हरभऱ्याएवढे कंद जास्त गेले होते. तिला एक वर्ष धीर धरायला सांगितले आहे. एका शेजारणीने कुंडी पूर्वेच्या आडोशाला ठेवली होती, जिथे सकाळी तासभरच ऊन येते. तिची जागा बदलली आहे.

आता दिवाळीत वाचकांनी काय करावे, ते सांगून आटोपतो. ज्यांचा निशिगंध यंदा फुलला नाही त्यांनी आजच कुदळ उचलू नये. आधी ऊन पाहा, भोक पाहा, नत्राचे खत थांबवा. लावून तीन वर्षे झाली असतील आणि बोट मातीत जात नसेल, तर निदान झाले असे समजा. पण उकरण्यासाठी थंडी सरू द्या. फुललेला दांडा कापावा. हिरवी पाने कापू नयेत, कारण पुढच्या वर्षीचे कंद त्या पानांवरच पोसत असतात. ती आपोआप पिवळी पडतील तेव्हा पाणी तोडावे, शिमग्याच्या सुमारास कंद काढावेत आणि वैशाखापर्यंत लावावेत. आणि दुहेरी पाकळ्यांचा निशिगंध फुलदाणीत कितीही शोभला, तरी वासासाठी एकेरीच लावावा, असे माझे मत आहे. घर लहान असले तर एक दांडा पुरतो.

हे लिहीत असताना शेवटचा दांडा अण्णांच्या तसबिरीपाशी आहे. संध्याकाळ झाली की वास खोलीभर पसरतो. काल आई गच्चीवरून खाली आली आणि माझ्या टेबलाशी उभी राहून म्हणाली, "तुझ्या त्या डायरीत लिहून ठेव. येत्या शिमग्याला नाही, त्याच्या पुढच्या. तेव्हा काढायचेत. मी असेन, नसेन. तू विसरू नकोस."

मी लिहून ठेवले आहे.